विद्यापीठातील पायवाटेवरचे सामूहिक भित्तिचित्र: अनेक हातांचे चित्र एकसंध कसे व्हावे?

प्रश्न (मराठी विभागातील पदव्युत्तर विद्यार्थिनी)

नमस्कार. मराठवाड्यातील आमच्या विद्यापीठाच्या परिसरात ग्रंथालयापासून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणारी एक पायवाट आहे. तिच्या एका अंगाला सुमारे १४० फूट लांब आणि ७ फूट उंच भिंत असून, तिचा पहिला ४० फुटांचा भाग काळ्या दगडाच्या उघड्या बांधकामाचा आणि उरलेला १०० फुटांचा भाग विटांवर सिमेंटचा गिलावा केलेला आहे. भिंतीचे तोंड पश्चिमेला आहे. मागच्या बाजूला बाग असून तिथली माती भिंतीला टेकलेली आहे, आणि गिलाव्याच्या तळाशी दीड-दोन फुटांपर्यंत लोणा (ओलीने वर येणारा पांढरा क्षार) लागून पोपडे सुटलेले दिसतात. दिवसभरात शेकडो विद्यार्थी इथून जातात, पण जुन्या जाहिरातींचे चिकटलेले कागद आणि मळकट चुना यांमुळे त्या वाटेवर कोणी क्षणभरही रेंगाळत नाही.

ही भिंत विद्यार्थ्यांनी मिळून रंगवावी, या प्रस्तावाला विद्यार्थी विकास विभागाने तत्त्वतः मान्यता दिली असून रंगसाहित्यापुरता निधीही मिळण्याची शक्यता आहे. मराठी, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि नाट्यशास्त्र अशा विभागांतील विद्यार्थ्यांनी नावे दिली आहेत. मात्र चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले त्यांत मोजकेच आहेत. इथूनच मतभेद सुरू होतात. काहींचे म्हणणे असे की प्रत्येक विभागाला दहा-दहा फुटांचा तुकडा वाटून द्यावा, म्हणजे कोणाची कोणाला आडकाठी होणार नाही. काहींना वारली शैली हवी आहे, कारण ती सर्वांना जमेल असे त्यांना वाटते. एका गटाला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती हव्या आहेत, तर दुसऱ्या गटाला थोर पुरुषांची व्यक्तिचित्रे आणि सुविचार हवे आहेत.

माझी स्वतःची इच्छा अशी आहे की ज्याने कधी कुंचला हातात धरलेला नाही अशा विद्यार्थ्यालाही आपला हात या भिंतीला लागला असे म्हणता यावे, आणि तरीही पाहणाऱ्याला ते एक चित्र वाटावे, जत्रेतील निरनिराळ्या फलकांची रांग वाटू नये. हे कसे साधावे? विषय कोणता घ्यावा? आमच्याकडील उन्हात कोणता रंग टिकतो? आणि काही वर्षांनी कोणी ही भिंत पुन्हा पांढरी करून टाकली, तर त्याबाबत आम्हांला काही म्हणता येते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावे असा विचार आहे.

उत्तर (निवृत्त चित्रकला शिक्षक, अंबाजोगाई)

तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. भिंतीचे विभागवार तुकडे अजिबात पाडू नका. तुकडे पाडले की प्रत्येक गट आपल्या चौकटीच्या मध्यभागी एक मोठी आकृती काढतो, कडेची जागा रिकामी सोडतो, शेजारच्या गटापेक्षा आपला रंग उठून दिसावा म्हणून अधिकाधिक भडक छटा वापरतो, आणि अखेरीस दहा चांगल्या चित्रांनी मिळून एक वाईट भिंत तयार होते. सहकार्य करायचे तर ते कामाच्या टप्प्यांत वाटून घ्यावे. भिंतीची लांबी वाटून घेऊ नये.

हे कसे करावे, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यांच्या डोंगरात आहे. अजिंठ्याची चित्रे एकट्या चित्रकाराची नाहीत. ती अनेक हातांनी केलेली कामे आहेत. तिथे आधी गेरूच्या लाल रेषेने आकृती आखून घेत, मग त्या रेषेच्या आत रंग भरत, आणि सर्वांत शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेषेने आकाराला निश्चित रूप देत. तुमच्या कामासाठी ही पद्धत जशीच्या तशी उपयोगी आहे. पहिली रेषा आणि शेवटची रेषा तुमच्यातील त्या मोजक्या शिकलेल्या विद्यार्थ्यांनी ओढावी, आणि मधले संपूर्ण रंगकाम ज्याला हवे त्याने करावे. मधल्या टप्प्यात रंग थोडा रेषेबाहेर गेला, एखादा हात कमी-जास्त लागला, तरी शेवटची रेषा ते सगळे सावरून घेते. ज्या विद्यार्थिनीने कधीच कुंचला धरलेला नाही तिचा हात भिंतीला लागतो, आणि चित्राची शिस्तही मोडत नाही.

अजिंठ्याकडून घ्यायची दुसरी गोष्ट म्हणजे कथनाची रीत. पद्मपाणीची (हाती कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाची) प्रतिकृती काढण्याचा मोह सोडा, कारण ती आकृती गुहेतील मंद प्रकाशासाठी आणि अतिशय सरावलेल्या हातांसाठी आहे. पश्चिमेच्या उन्हात, सिमेंटच्या गिलाव्यावर आणि नवशिक्या हातांनी तिचा चेहरा बिघडला तर पाहणाऱ्याला वाईट वाटेल. त्याऐवजी १७ क्रमांकाच्या लेण्यातील विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातील विश्वंतर राजपुत्राची कथा, कसे मांडले आहे ते जाऊन पाहा. प्रसंगाप्रसंगांत जाड चौकटी नाहीत. एक खांब, एक दार, एखादे झाड किंवा खडकांची रांग आली की आपल्याला कळते की आता जागा बदलली, वेळ बदलली, आणि तोच राजपुत्र पुढच्या प्रसंगात पुन्हा भेटतो. पायवाटेवरच्या भिंतीला हीच रीत शोभते, कारण इथे कोणी समोर खुर्ची टाकून बसणार नाही. माणूस चालता चालता चित्र वाचणार आहे. वसतिगृहाकडून येणाऱ्याला ते उलट दिशेने वाचावे लागेल, याचाही विचार आराखड्यात व्हावा, म्हणजे गोष्ट दोन्ही टोकांकडून उलगडली पाहिजे.

विद्यार्थ्यांनी मिळून भित्तिचित्रांवर काम करण्याची परंपराही आपल्याला परकी नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या, आणि त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार होते. नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूतून तरुण नंदलाल बोस अजिंठ्याला आले, हैदराबादहून सय्यद अहमद आले. नंदलालांनी पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाची धुरा सांभाळली, आणि त्यांचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र विद्यार्थ्यांच्या मदतीने रंगवले. त्या साहाय्यकांत के. जी. सुब्रमण्यन होते. विद्यापीठाच्या भिंतीवर विद्यार्थ्यांनी चित्र काढण्याची ही वाट अजिंठ्याच्या डोंगरातून निघून बंगालात गेलेली आहे. ती मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात परत येत असेल तर मला त्याचा मनापासून आनंद आहे.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे. आराखडा एका फुटाला एक इंच या प्रमाणात कागदाच्या लांब पट्टीवर काढा आणि ती पट्टी ग्रंथालयात आठवडाभर लावून ठेवा, म्हणजे आक्षेप भिंतीवर रंग चढण्यापूर्वीच येतील. भिंतीवर गवंड्याची लाईनदोरी आणि ओळंबा वापरून एक-एक फुटाचे चौकोन आखा. प्रत्येक रंगक्षेत्रात खडूने एक अंक लिहा आणि त्याच अंकाचे कागद रंगाच्या डब्यांना चिकटवा. छटा मात्र एकाच व्यक्तीने, एकाच वेळी, पुरेशा प्रमाणात कालवून ठेवावी. निम्म्या कामानंतर संपलेली छटा पुन्हा हुबेहूब जुळवणे व्यावसायिक रंगाऱ्यालाही अवघड जाते. बारीक तपशील तीन ते सहा फुटांच्या पट्ट्यात ठेवा, कारण चालणाऱ्याची नजर तिथे पडते. वरच्या भागात मोठे, शांत आकार असू द्या. रोजचे काम संपल्यावर सर्वांनी वाटेच्या पलीकडे जाऊन, दूर उभे राहून चित्र पाहावे, कारण भिंतीला नाक लावून रंगवणाऱ्याला चित्र दिसत नाही.

उत्तर (स्थापत्य अभियंता, परभणी)

गुरुजींनी चित्राविषयी लिहिले, मी भिंतीविषयी लिहितो. तुम्ही दिलेल्या वर्णनात मला सर्वांत चिंता वाटते ती तळाशी लागलेल्या लोण्याची. भिंतीमागची माती ओली राहते, ते पाणी विटांत आणि गिलाव्यात शिरते, येताना क्षार विरघळवून आणते, आणि पृष्ठभागावर पाण्याची वाफ झाली की ते क्षार तिथेच स्फटिकरूपाने साचतात. वर रंगाचा थर असेल तर स्फटिक त्याच्या पाठीमागे वाढतात आणि तो थर ढकलून पाडतात. म्हणून महागातला महाग रंगसुद्धा लोणा लागलेल्या भिंतीवर टिकत नाही. आधी पाण्याचा बंदोबस्त झाला पाहिजे. बागेतील झाडांची आळी भिंतीपासून निदान दोन-तीन फूट दूर न्यावीत, मागच्या बाजूने पाणी वाहून जाण्यासाठी चर काढावा, आणि भिंतीत पाणी निघून जाण्याची भोके असतील तर ती मातीने बुजली आहेत का हे पाहावे. विद्यापीठाच्या बांधकाम विभागाकडून एवढे करून घेतल्याशिवाय रंगाचा एक डबाही विकत घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर सुटलेले पोपडे खरवडून काढा आणि पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, कारण क्षार पुन्हा विरघळून आत जातो. भिंत कोरडी आहे की नाही याची साधी परीक्षा अशी: दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दुसऱ्या दिवशी काढून पाहा. आतल्या बाजूला दव जमले असेल तर भिंतीत ओल आहे. जिथे गिलाव्याचे ठिगळ मारावे लागेल तिथे पाणी मारण्याचा आणि वाळण्याचा काळ धरून किमान चार आठवडे थांबा. ताजा सिमेंटचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर केलेला रंग डागाळतो.

माझ्या मते तळाच्या दीड फुटावर चित्र आणूच नये. तिथे चुना आणि गेरू यांचा साधा पट्टा द्यावा. चुन्याचा थर श्वास घेऊ देतो, खराब झाला तरी दर दिवाळीला दोन मुले अर्ध्या दिवसात तो पुन्हा देऊ शकतात, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या ओट्यांना असा गेरूचा पट्टा असतोच, त्यामुळे तो उपरा वाटणार नाही. काळ्या दगडाच्या ४० फुटांना तर हातही लावू नका. तो दख्खनचा बेसॉल्ट आहे, आपल्या वेरूळच्या लेण्यांचा आणि बारवांचा (पायऱ्यांच्या विहिरींचा) दगड आहे. तो एकदा रंगवला की सांध्यांतून रंग काढणे जवळजवळ अशक्य होते. त्यावर साचलेली धूळ झाडा, एवढे पुरे.

रंगाविषयी. गिलाव्यावर बाहेरच्या वापरासाठीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शनच घ्यावा. ऑईलपेंट नको, कारण सिमेंटच्या अल्कलीशी त्याच्या तेलाची प्रक्रिया होऊन तो चिकट होतो आणि पापुद्रे धरतो. खड्डे भरायला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पातळ लावावी, त्यावर बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दोन हातांसाठी एका लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जागा धरतात. दगड आणि तळाचा पट्टा वगळला तर तुमच्याकडे ५५० चौरस फूट उरतात, म्हणजे सुमारे १० लिटर. पण अनेक छटांत रंग वाटला जातो आणि डब्यांत वाया जातो, म्हणून १५ लिटरचा हिशेब ठेवा.

पश्चिमेच्या भिंतीवर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ऊन असते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात गुलाबी, जांभळा, भडक लाल आणि लिंबासारखा पिवळा या छटा लवकर विटतात, कारण त्यांतील बरीच रंगद्रव्ये सेंद्रिय असतात आणि अतिनील किरणांनी त्यांचे विघटन होते. लोहाच्या ऑक्साइडची रंगद्रव्ये, म्हणजे गेरूचा लाल, पिवडीचा पिवळा, तपकिरी आणि काळा, वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहतात. क्रोमियम ऑक्साइडचा हिरवाही टिकतो. दुकानात छटा मिसळून घेताना ती बाहेरच्या भिंतीसाठी योग्य आहे का, हे तक्त्यावर पाहूनच घ्या. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी भिंत सावलीत असताना करा. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच सुकतो आणि कुंचल्याचे ओरखडे कायम राहतात.

चित्र पूर्ण झाल्यावर वरून चकचकीत वार्निश देण्याचा सल्ला अनेक जण देतील. तो मानू नका. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याच्या चित्रांचे संवर्धन करवले, तेव्हा सुटणारे रंग त्यांनी पक्के केले हे खरे, पण चित्रांवर दिलेले लाखेचे वार्निश पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला नंतर दीर्घकाळ करावे लागले. तसेच पायवाटेची फरशी रंगवण्याची कल्पना कोणी मांडली तर नकार द्या. रंगवलेली गुळगुळीत फरशी पहिल्याच पावसात निसरडी होते.

उत्तर (इतिहासाच्या प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर)

विषयाच्या निवडीविषयी माझे मत स्पष्टपणे मांडते. वारली चित्रकला सोपी आहे, या समजुतीने ती निवडणे मला योग्य वाटत नाही. ती पालघर-डहाणूच्या डोंगराळ भागातील वारली समाजाची आहे. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर चौक नावाचे चित्र लिहितात, त्याला विधीचे स्थान आहे. शासकीय इमारती, बसथांबे आणि शाळांच्या कुंपणांवर तिची जी सर्रास नक्कल होते तीत तो संदर्भ उरत नाही, आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या भूमीविषयी काही सांगण्याची संधीही त्यामुळे वाया जाते.

व्यक्तिचित्रांबाबत सावध राहावे. सराव नसलेल्या हाताने काढलेला थोर व्यक्तीचा चेहरा बिघडला तर लोकांच्या भावना दुखावतात, आणि कोणाचे चित्र आधी, कोणाचे मोठे, या वादात मूळ काम बाजूला पडते. मुक्तिसंग्राम किंवा नामांतराची चळवळ हे विषय भीतीपोटी टाळावेत असे मी म्हणत नाही. १७ सप्टेंबर १९४८ आणि १४ जानेवारी १९९४ या तारखा मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असल्याच पाहिजेत. परंतु ज्यांनी त्या लढ्यांत घरदार आणि जीव गमावले त्यांच्याविषयीचे चित्र हे वाटेची शोभा वाढवण्याच्या हेतूने काढू नये. त्यासाठी स्वतंत्र जागा, स्वतंत्र अभ्यास आणि अनुभवी कलावंत हवेत.

मी पाण्याचा विषय सुचवते. आपल्या प्रदेशाचा सारा इतिहास पाण्याच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगता येतो, आणि तो दोन्ही दिशांनी वाचता येईल अशा लांब पट्टीत सहज बसतो. देवगिरीच्या किल्ल्यावरील हत्ती हौद आहे. मलिक अंबरने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवल्यावर डोंगरातील पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारी नहर आहे, आणि तशाच नहरीच्या पाण्यावर फिरणारी पाणचक्की आहे. परभणी जिल्ह्यातील वालूर आणि चारठाणा येथील बारवा आहेत. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या गोलाकार फिरत खाली उतरतात, तो आकार तर चित्रकारासाठी तयार रचनाच आहे. गोदावरी आहे, पैठण आहे, गंगाखेडच्या जनाबाईचे जाते आहे. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आहेत, ज्यांच्या आठवणी तुमच्या आजी-आजोबांकडून तुम्ही स्वतः टिपून आणू शकता. १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी आणि त्याच्या जलाशयाखाली गेलेली गावे आहेत. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे आहे, जिच्या पहिल्या फेरीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. आज तुमच्याबरोबर शिकणाऱ्या लातूरच्या मुलांनी लहानपणी घागरींच्या रांगा पाहिलेल्या आहेत. त्यांना चित्रासाठी पुस्तके शोधावी लागणार नाहीत.

या विषयात प्रत्येक विभागाला खरे काम मिळते. समाजशास्त्राचे विद्यार्थी आठवणी गोळा करतील, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी नदीकाठची आणि माळरानाची झाडे अचूक काढली आहेत का ते तपासतील, रसायनशास्त्राचे विद्यार्थी रंगद्रव्यांची परीक्षा करतील, मराठीचे विद्यार्थी ओव्या निवडतील, आणि नाट्यशास्त्राचे विद्यार्थी देहबोलीसाठी स्वतः उभे राहतील, म्हणजे पाणी शेंदणारी बाई चित्रात खरोखर शेंदताना दिसेल. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ज्युडी बाका यांनी १९७६ पासून शहरातील शेकडो तरुणांना घेऊन अर्ध्या मैलाहून लांब भिंत रंगवली, तेव्हा त्यांनीही आधी इतिहासकारांशी आणि स्थानिक लोकांशी बोलून प्रसंग निवडले होते. तुम्ही तर वसतिगृहातील मुली, माळीकाका, सफाई कामगार आणि रात्रीचे पहारेकरी यांना आधी विचारा. ती वाट त्यांची आहे, आणि पाण्याविषयी त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

उत्तर (निवृत्त चित्रकला शिक्षक, अंबाजोगाई)

पाण्याचा विषय ठरणार असेल तर रंगयोजनेचा प्रश्न आपोआप सुटतो. अभियंत्यांनी जे टिकाऊ रंग सांगितले ते बहुतेक मातीचेच रंग आहेत, आणि अजिंठ्याच्या चित्रकारांकडेही लाल, पिवळी आणि हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढेच जवळचे रंग होते. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला, म्हणून तो त्यांनी जपून वापरला. तुम्हीही संपूर्ण भिंत गेरू, पिवडी, तपकिरी, काळा, मातकट हिरवा आणि पांढरा यांत ठेवा आणि निळा रंग पाण्याखेरीज कुठेही वापरू नका. आकाशालासुद्धा देऊ नका, आपले उन्हाळ्यातील आकाश तसेही धुळकट पांढरे असते. बारवेच्या तळाशी बोटभर निळा, दुष्काळाच्या भागात जवळजवळ नाहीच, जायकवाडीला मोठा विस्तार, आणि रेल्वेच्या वाघिणींतून घागरींत उतरणारी एक बारीक धार. वीस वेगवेगळ्या हातांनी रंग भरला तरी ही एक अट पाळली गेली, तर भिंत एकाच चित्राची दिसेल.

दगडाच्या भागाबाबत मी अभियंत्यांशी पूर्णपणे सहमत आहे. गिलावा जिथे सुरू होतो तिथे बारवेच्या पायऱ्या अशा काढा की दगडी बांधकामाचे थर त्यांत चालत आल्यासारखे वाटतील. मग तो ४० फुटांचा दगडही चित्रात सामील होईल.

उत्तर (विधी शाखेचे अध्यापक, नांदेड)

परवानगी आणि हक्क यांविषयी थोडक्यात लिहितो. तत्त्वतः मान्यता पुरेशी नाही. कुलसचिवांच्या सहीचे लेखी पत्र घ्या, ज्यात भिंतीची जागा, मंजूर आराखडा आणि कामाचा कालावधी नमूद असेल. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे, आणि परवानगीचा कागद जवळ असला म्हणजे कोणत्याही विद्यार्थ्याला विनाकारण जाब द्यावा लागत नाही.

भिंत विद्यापीठाची असली तरी चित्राच्या कर्त्यांना कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ खाली काही विशेष हक्क असतात: कर्तृत्व आपले आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या नावलौकिकाला बाध येईल अशा विकृतीला विरोध करण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये नूतनीकरणात उतरवून गोदामात टाकले गेले. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तथापि विद्यार्थ्यांनी न्यायालयाच्या भरवशावर राहू नये. परवानगीच्या पत्रातच दोन वाक्ये घालून घ्या: चित्र किमान किती वर्षे राखले जाईल, आणि ते पुसायचे किंवा त्यात बदल करायचा झाल्यास किती दिवस आधी विद्यार्थी विकास विभागाला कळवून छायाचित्रे घेण्याची मुभा दिली जाईल. सहभागी झालेल्या सर्वांची नावे, रंग कालवणाऱ्यांची आणि चर खोदणाऱ्यांचीही, भिंतीच्या एका टोकाला सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. ही उत्तरे छापून आम्ही काल सर्व विभागांच्या बैठकीत वाचली. तुकडे पाडण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला असून पाण्याचा विषय आणि निळ्या रंगाची अट एकमताने मान्य झाली. बांधकाम विभागाने भिंतीमागे चर काढण्याचे मान्य केले आहे आणि माळीकाकांनी आळी मागे घेण्याचे काम स्वतःहून पत्करले. त्यांनीच सांगितले की या वाटेच्या खाली पूर्वी एक आड होता आणि तो बुजवला गेला. त्यांचे म्हणणे असे की तो आडही चित्रात यावा. आराखड्यात त्याला वसतिगृहाकडच्या टोकाची जागा दिली आहे.

एक शंका उरते. तळाच्या पट्ट्यासाठी चुना आणि गेरू कसा तयार करावा? आमच्यापैकी कोणीही चुना विरवलेला नाही, आणि बाजारातील तयार पुडीने तेच काम होईल का, हेही कळत नाही.

उत्तर (स्थापत्य अभियंता, परभणी)

तयार पुडीपेक्षा कळीचा चुना घ्या. एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी लागते. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा टाका. मिश्रण उकळते आणि जोराने उडते, म्हणून डोळ्यांना गॉगल, हातांत रबरी मोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय कोणालाही पिंपाजवळ येऊ देऊ नका, आणि प्लॅस्टिकची बादली त्यासाठी वापरू नका. एक दिवस-रात्र मुरू द्या, मग जाड कापडातून गाळा. गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घाला, म्हणजे हाताला चुना लागणार नाही. गेरू आधी वेगळ्या भांड्यात रात्रभर भिजवून, गाळून, मग चुन्यात मिसळा. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे भिंतीच्या एका कोपऱ्यात हातभर पट्टा देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच प्रमाण ठरवा. भिंतीवर आधी पाणी शिंपडून घ्या आणि जाड थर एकदाच न देता पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. वरचे इमल्शनचे काम पूर्ण झाल्यानंतर हा पट्टा सर्वांत शेवटी द्यावा, आणि देताना चित्राच्या खालच्या कडेला चिकटपट्टी लावून घ्यावी, कारण चुन्याचे शिंतोडे इमल्शनवर पडून वाळले तर डाग राहतात.